एका ओळीचा विनोद मोबाइलने जन्माला घातलेला नाही

‘एका ओळीचा विनोद ही मोबाइलच्या जमान्याची देणगी. लोकांना धीर उरला नाही म्हणून तो चालतो. लिहायला सोपा, आणि इंग्रजीतून उचलला की मराठीत तयार.’ हा मजकूर सध्या भरपूर फिरतोय. यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी त्याचं वय बघा. ‘फिलोगेलोस’ हा ग्रीक विनोदसंग्रह साधारण चौथ्या-पाचव्या शतकातला, त्यात सुमारे 265 विनोद आहेत. त्यातला एक असा: बडबड्या न्हावी विचारतो, ‘केस कसे कापू?’ गिऱ्हाईक म्हणतं, ‘न बोलता.’ हेच उत्तर ग्रीक लेखक प्लुटार्कने त्याच्या कितीतरी आधी मॅसिडोनियाचा राजा आर्किलाउस याच्या नावावर नोंदवलंय. म्हणजे संग्रहात शिरला तेव्हाच हा विनोद जुना होता.

धीराचं म्हणाल तर गोष्ट उलटी आहे. लांब किस्स्यात दोन वाक्यं निसटली तरी धागा सापडतो. इथे एक शब्द हुकला की विनोद गेला. या प्रकाराचा अमेरिकेतला बादशहा हेन्नी यंगमन (1906–1998) नाइटक्लबांत आणि कॅट्सकिल डोंगरांतल्या हॉटेलांत निवांत बसलेल्या प्रेक्षकांसमोर उभा राहायचा. हातात व्हायोलिन असे. मधेच दोन-चार सूर वाजले की हशा ओसरायचा आणि पुढची ओळ स्वच्छ ऐकू जायची.

‘लिहायला सोपा’ हे तर सपशेल चूक. अमेरिकी विनोदी कलाकार फिलिस डिलर हिचं विनोदांचं कपाट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. टंकलेली 50,000 हून अधिक कार्डं, विषयवार खणांत लावलेली! इतकी मेहनत कुठे लागते ते एका ओळीवर दाखवता येईल. ‘नळाला पाणीच येत नसल्यामुळे आमच्याकडे नळावर भांडणं होत नाहीत.’ यात कारण आधी आलं, त्यामुळे ऐकणाऱ्याला ओळखायला काही उरलं नाही. आता उलटवा: ‘आमच्याकडे नळावर भांडणं होत नाहीत. पाणीच येत नाही.’ दुसऱ्या वाक्यातला ‘नळाला’ काढला, कारण नळ आधीच आलाय. ‘पाणीच’मधला ‘च’ मात्र काढू नका, सगळा भार त्याच्यावर आहे. आणि पुढे ‘गेले कित्येक दिवस’ असं शेपूट जोडलंत, तर हसू फुटायच्या क्षणी तुम्ही अजून बोलतच असाल.

उरलं भाषांतर. यंगमनची सर्वांत गाजलेली ओळ चारच शब्दांची: ‘टेक माय वाइफ, प्लीज.’ पहिल्या तीन शब्दांवर वाटतं की तो उदाहरण देतोय. ‘प्लीज’ आलं की कळतं, बायकोला खरंच घेऊन जा म्हणतोय. मराठीत इथे विभक्ती आडवी येते. ‘बायकोचंच घ्या’ म्हटलं की फक्त उदाहरण, ‘बायकोला न्या’ म्हटलं की फक्त नेणं. प्रत्यय लागताक्षणी गुपित फुटतं, शेवटच्या शब्दाला काम उरत नाही. न्हाव्याचा विनोद मात्र सुखरूप येतो, कारण त्याची मेख ‘कसे’ या प्रश्नात आहे. न्हावी विचारतो केसांच्या घाटाबद्दल, गिऱ्हाईक उत्तर देतं कापण्याच्या रीतीबद्दल, आणि आपल्या ‘कसे’मध्ये दोन्ही अर्थ मावतात.