गेममधला भाव रुपयांत लिहा

मोबाईल गेमबद्दल आपल्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, पोरं वाया गेली. दुसरं, ज्याचा पैसा तो उडवतोय, तुमच्या पोटात का दुखतंय? मला दोन्ही पटत नाहीत. मी स्वतः रोज खेळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी खेळतो तो तलवारी, ड्रॅगन, जादूगारांचा रोल-प्लेइंग गेम. नाव लिहीत नाही, कारण या जातीचे बहुतेक गेम एकाच पद्धतीने चालतात. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हिशोब बघतो. रात्री जेवणं आटोपली की तासभर गेम. आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे गेममधल्या आमच्या टोळीत, कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवणारा एक मुलगा आहे, मिरजेच्या हॉस्पिटलमधल्या एक सिस्टर आहेत (त्यांना सगळे ताईच म्हणतात), विश्रामबागेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे दोघं आहेत. एरवी या माणसांची माझी गाठ कुठे पडली असती? बॉसवर, म्हणजे सगळ्यात बलाढ्य शत्रूवर, चाल करायची तर ढाल कोणी धरायची, हीलरने (जखमा भरून काढणाऱ्याने) कधी हात राखायचा, शेवटचा घाव कोणाचा, यावर आम्ही तावातावाने बोलतो आणि जमून आलं की सगळ्यांना मनापासून आनंद होतो. हा आनंद खरा आहे. त्याला कोणी रिकामटेकडेपणा म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

पण याच गेममध्ये ताकद विकत मिळते, आणि ती विकायची तऱ्हा मला मान्य नाही.

बॉसचा जीव दाखवणारी लाल पट्टी नखाएवढी उरलेली असते आणि आपला शेवटचा हिरो पडतो. 'पराभव' हा शब्द धड वाचून होत नाही तोच सोनेरी कडांची चौकट वर येते. खास तुमच्यासाठी, ८०० टक्के फायदा, जुनी किंमत खोडलेली, खाली ५९:५९ पासून उलटं पळणारं घड्याळ. किंमत ८९ रुपये. जिंकल्यावर ही चौकट मी कधी पाहिली नाही. माणूस चिडलेला असतो, जिद्दीला पेटलेला असतो, ती घटका कोणीतरी विचार करून निवडलेली आहे. तरी ८९ रुपयांबद्दल माझी तक्रार नाही, तिथे निदान रुपयाचं चिन्ह तरी असतं. त्यानंतर ते दिसायचंच बंद होतं.

जगभर गाजलेल्या गेन्शिन इम्पॅक्ट या गेमचं उदाहरण घेतो, कारण त्याचे आकडे जाहीर आहेत. तिथे पैसे देऊन जेनेसिस क्रिस्टल घ्यायचे, त्यांचे प्रिमोजेम करायचे, १६० प्रिमोजेमला एक 'विश', आणि विश लावल्यावर कोणतं पात्र निघेल ते नशिबावर. पॅक आहेत ६०, ३००, ९८०, १९८०, ३२८० आणि ६४८० क्रिस्टलचे. बोनस सोडून हे आकडे १६० ने भागून बघा. एकालाही पूर्ण भाग जात नाही. दर वेळी थोडं उरतं, आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून आणखी घ्यावंसं वाटतं. पंचतारांकित, म्हणजे सगळ्यात दुर्मीळ, पात्र निघायची मूळ शक्यता ०.६ टक्के. नव्वदाव्या विशला ते नक्की मिळतं, पण हवं तेच मिळेल असं नाही. दुसरंच निघालं तर पुन्हा नव्वदपर्यंत जायची तयारी ठेवायची. म्हणजे वाईटात वाईट १८० विश. याचे रुपये किती, हे विशचं बटण दाबताना समोर नसतं.

शक्यतेचा हिशोबही लोकांना चुकीचा वाटत असतो. एक टक्का म्हणजे शंभर वेळा ओढलं (विशसारखं नशीब आजमावलं) की एकदा मिळणारच, असं आमच्या गिल्डमधल्या शिकलेल्या पोरांनाही वाटायचं. तसं नसतं. एक टक्का शक्यतेवर शंभर जणांनी शंभर-शंभर वेळा ओढलं, तर त्यातल्या साधारण ३७ जणांच्या हाती काहीच लागत नाही. खात्रीची मर्यादा लिहिलेली नसेल तर पुढचे शंभरही तसेच जाऊ शकतात. हे ताईंना कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा त्या बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसल्या.

माझं सगळं आयुष्य सौद्यांत गेलं. हळदीच्या सौद्यात पोतं फोडून माल समोर ओततात, व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, मग भाव बोलतो. शेतकऱ्याच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर, वजन, दर, हमाली, तोलाई वेगवेगळी लिहिलेली असते. भांडणं तिथेही होतात, पण ती लिहिलेल्या आकड्यावर होतात. गेममध्ये भांडायला आकडाच नाही.

आणि यात मैत्रीचा वापर होतो, ते मला सगळ्यात जास्त लागतं. गिल्डमधल्या कोणी मोठा पॅक घेतला की बाकीच्यांना एकेक भेटपेटी मिळते. पेटी कोणामुळे आली ते नाव झळकतं, किती रुपयांमुळे आली ते नाही. लगेच चॅटवर 'थँक्यू भावा', 'राजा माणूस'. हिशोबाच्या सवयीने माझ्या ध्यानात आलं की या पेट्या महिन्याच्या सात ते दहा तारखेच्या आसपास जास्त येतात. कारखान्यांचे पगार तेव्हा होतात. कुपवाडच्या त्या मुलाचं नाव लागोपाठ झळकायला लागलं तेव्हा मी त्याला बाजूला मेसेज केला. तो म्हणाला, "दादा, गिल्ड वॉरला आपण खाली गेलो तर माझ्यामुळे गेलो असं नको वाटायला." रात्रपाळी करून आलेलं पोर आमच्यासाठी पैसे घालत होतं, आणि आम्ही त्याला टाळ्या देत होतो. त्या पेटीवर '७९०० रुपये' असं लिहून आलं असतं, तर एकानेही थँक्यू म्हटलं नसतं. घरचं भागतंय का रे, असंच विचारलं असतं.

बरं, एवढं घालून घेतलेला हिरो टिकतो किती? चार-दोन महिन्यांत त्याच्याहून भारी नवा येतो आणि जुना कोपऱ्यात बसतो.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ बंद केले. रमी, पोकर, पैशांचं फँटसी क्रिकेट त्यात गेलं, आणि ते योग्यच झालं. पण आमच्या गेममध्ये पैसे फक्त आत जातात, बाहेर काही येत नाही, त्यामुळे त्या बंदीचा रोख इकडे नाही. बाहेरच्या देशांनी हा विषय कधीच हाती घेतलाय. जपानने २०१२ मध्ये 'कंप्लीट गाचा', म्हणजे नशिबाने निघणारे तुकडे जमवून संच पूर्ण करायचा प्रकार, बंद पाडला. चीनने २०१७ पासून शक्यतेचे आकडे जाहीर करायला लावले. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर असणाऱ्या पेट्या जुगारात धरल्या, आणि २०२२ मध्ये डायब्लो इम्मॉर्टल हा गेम आला तेव्हा कंपनीने तो बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये आणलाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने गेन्शिनच्या कंपनीशी तडजोड केली. दोन कोटी डॉलरचा दंड, सोळा वर्षांखालच्या मुलांना आईवडिलांच्या संमतीशिवाय अशा पेट्या विकायच्या नाहीत, नशिबाच्या पेट्या थेट खऱ्या पैशांत घ्यायची सोय ठेवायची, आणि क्रिस्टल-जेमचा विनिमय दर व शक्यता उघड सांगायची.

मला नेमकं हेच इथे हवंय. बंदी नको. प्रत्येक पुलच्या, म्हणजे नशीब ओढायच्या, बटणावर रुपये लिहा, त्याच पडद्यावर शक्यता लिहा, आणि या महिन्यात या खात्यातून किती गेले तो आकडा पहिल्या पानावर ठेवा. जी कंपनी एका सेकंदात पंचवीस खेळाडूंची लढाई जुळवते, तिला ही बेरीज जड नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आहे, ती चालू करा, घरात मुलं फोन घेत असतील तर आजच. चुकून खरेदी झाली तर ४८ तासांच्या आत गुगलकडे परतावा मागता येतो. हे खूप जणांना माहीतच नसतं.

आमच्या गिल्डमध्ये आम्ही दोन गोष्टी ठरवल्यात. ताकदीची किमान अट काढून टाकली, आणि भेटपेटी आली की चॅटवर कोणी आभार मानायचे नाहीत. दोन लेव्हल खाली आलोय. कुपवाडचा मुलगा अजून आमच्यातच आहे, आता चढाईचा क्रम तोच लावतो आणि फार हुशारीने लावतो. गिल्डमध्ये सध्या चार जागा रिकाम्या आहेत. सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, कुठलेही असा, एक रुपया न घालता खेळायचं असेल तर मेसेज करा.