मुंबईला म्युझियम बघायला निघालाय? मग हे आधी वाचा

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा, की बेळगावात बघण्यासारखं काहीच नाही. हे एकदा पक्कं झालं की पुढचं सगळं सोपं जातं बघा. किल्ल्यात कमल बस्ती म्हणजे जैन देऊळ आहे, आठशे वर्षांपूर्वीचं, आत छताला दगडाचं कमळ खाली लोंबतंय, पण तिथं ना ऑडिओ गाइड, ना कॅफे, ना गळ्यात पट्टा अडकवलेली कोणी पोरगी जी म्हणेल की सर बॅग लॉकरला ठेवा. आणि जिथं बॅग लॉकरला ठेवायला लागत नाही तिथं आत काय मौल्यवान असणार हो? कल्चर बघायचं तर मुंबईच. पाचशे किलोमीटर गेल्याशिवाय इतिहास अंगाला लागत नाही.

गाडी रात्रीचीच धरा. त्याचं कारण असं, की निपाणी गेली, कागल गेलं, की कोल्हापूर लागतं आणि दिवसा गेलात तर उगाच उतरायची इच्छा व्हायची. तिथं टाऊन हॉल म्युझियममध्ये समुद्राचा ग्रीक देव पोसायडन उभा आहे, छोटीशी काशाची मूर्ती, पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी रोमशी व्यापार चालायचा, जहाजातून माल उतरायचा, घाट चढून कोल्हापुरापर्यंत यायचा, हे सगळं आपल्यापासून दोन-अडीच तासांवर. हे बघून घेतलं तर मुंबईत ग्रीस-रोमच्या मूर्तींपुढं "बापरे!" म्हणायला काही शिल्लक राहणार नाही. तेव्हा कोल्हापूर आलं की पडदा ओढा आणि गप झोपा.

मुंबईत डोंबिवलीच्या आत्याकडं उतरणार असाल तर कुंदा, आपली बेळगावची मिठाई, न्यायचा विसरू नका, नाहीतर म्युझियम राहिलं बाजूला, "बेळगावासनं आला आणि रिकाम्या हातानं?" हे वर्षभर ऐकायला लागेल. आत्या विचारेलच, की म्युझियम कशाला रे, त्यापेक्षा मॉल बघून ये की, एसी तरी आहे. तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, कारण आत गेल्यावर तुम्ही पण बघणार आहात ते एसी आणि बाथरूम कसं आहे तेच.

आता मुख्य म्युझियम. जुनी माणसं अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतात, १९९८ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. दारात उभं राहून बरोबरच्या माणसाला माहिती द्यायचीच असते, ती पाठ करून जा: १९०५ ला इंग्लंडचा युवराज आला, त्याने पायाचा दगड बसवला, जॉर्ज विटेट नावाच्या साहेबाने इमारत बांधली, १९१४ ला तयार झाली पण तेवढ्यात महायुद्ध लागलं म्हणून आत जखमी सैनिकांचं हॉस्पिटल काढलं, आणि लोकांना आत सोडलं ते १९२२ ला. एवढं एका दमात बोललात की पुढं आत काय आहे ते कोणी तुम्हाला विचारत नाही.

आत गेल्यावर पहिलं काम लेबल तपासायचं. वस्तू नव्हे, लेबल. मराठी आहे का? वर आहे की खाली आहे? अक्षर इंग्रजीपेक्षा बारीक आहे का? आपण सीमाभागातली माणसं, पाटी बघितल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, त्यात आपला दोष नाही, लहानपणापासून तेच ट्रेनिंग झालंय. मराठी दिसलं की फोटो काढा, ग्रुपवर टाका, खाली लिहा "अभिमान". मराठी नसेल तर दोन फोटो काढा. मग त्या लेबलाच्या मागं चार हजार वर्षांचं मडकं असो की काय असो, ते राहिलं तरी चालतंय. (हाच माणूस कित्तूरचं म्युझियम बघायला गेला की कन्नड पाटीपुढं उभा राहून "आपल्याला काय कळत नाही बाबा" म्हणतो. बसचा बोर्ड कन्नडमधनं फटाफट वाचतो, वीजबिल वाचतो, सातबाऱ्याचा कन्नड उतारा तर चष्मा न लावता वाचतो, फक्त म्युझियममध्ये त्याची कन्नड जाते.)

शिल्पांच्या दालनात एक अवघड जागा आहे, तिथं जरा सांभाळून. ऐहोळचे मोठे दगडी पट आहेत तिथं, त्यात चार तोंडांचा ब्रह्मदेव आहे, चालुक्यांच्या काळातला. ऐहोळ म्हणजे आत्ताचा बागलकोट जिल्हा, इंग्रजांच्या वेळेला विजापूर जिल्हा, आणि तेव्हा विजापूर, धारवाड, बेळगाव सगळंच मुंबई इलाख्यात. १९५६ ला राज्यांच्या सीमेची रेघ मारली, माणसं इकडची तिकडं झाली, कोर्टात २००४ पासून महाराष्ट्राचा सीमेचा दावा आहे, बेळगावातल्या दर हिवाळी अधिवेशनाला बस बंद पडते, कोणाच्यातरी गाडीला काळं लागतं. आणि हा ब्रह्मदेव इतकी वर्षं कर्नाटकातनं येऊन भर फोर्टात राहतोय, कोणी त्याला "कुठला रे तू" विचारलं नाही. चार तोंडं असून एकानंही घोषणा दिली नाही! असल्या मूर्तीपुढं फार वेळ उभं राहू नका. डोक्यात नको ते विचार येतात. सेल्फी घ्या आणि पुढं सरका.

सध्या जोरात असतात ती परदेशातनं उसन्या आणलेल्या वस्तूंची प्रदर्शनं. २०१७ ला ब्रिटिश म्युझियमबरोबर 'इंडिया अँड द वर्ल्ड' झालं, २०२३ च्या डिसेंबरपासनं भारत, इजिप्त, असिरिया, ग्रीस, रोमची शिल्पं शेजारी शेजारी मांडली होती, आणि २०२५ च्या डिसेंबरात 'नेटवर्क्स ऑफ द पास्ट' उघडलं, हडप्पापासून मेसोपोटेमिया, इजिप्त, रोमपर्यंत कोण कोणाशी काय देवाणघेवाण करत होतं ते दाखवणारं. असली प्रदर्शनं बघायची एक पद्धत असते. तोंड अर्धवट उघडं ठेवायचं, मान हळूहळू हलवायची, आणि शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणायचं, "आपल्याकडं असलं जपत नाहीत हो." हे वाक्य कुठल्याही वस्तूपुढं चालतं. फक्त ते बोलताना हलशीची आठवण काढू नका. खानापूर तालुक्यात हलशी, एकेकाळी कदंबांची राजधानी, भूवराह-नरसिंहाचं देऊळ अजून उभं आहे, बेळगावातनं सकाळी निघालात तर जेवायला परत घरी. पण हलशीला आपण जातो ते पावसाळ्यात, वाटेत मक्याचं कणीस खायला, आणि देवळात जातो पाऊस आला म्हणून.

मॉडर्न आर्ट बघायला शेजारी जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ पासून. तिथलं सामोवार कॅफे २०१५ ला बंद झालं, म्हणजे चित्रं न बघता नुसतं चहा पीत कलाप्रेमी दिसायची सोय गेली, आता आत जायलाच लागतं. एखाद्याने मातीची कौलं फोडून जमिनीवर पसरली असतील आणि त्याला 'विस्थापन' असं नाव दिलं असेल, तर हसू नका. खानापूरचा कुंभार हेच कौल शाबूत देतो, ते पण कमी पैशात, हे तिथं बोलायचं नसतं. एखादं पोर्ट्रेट आवडलं तर "हे बघ मुंबईचं स्कूल" म्हणा. रवी परांजप्यांसारखा चित्रकार बेळगावात जन्मला आणि के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली शिकला, सरांच्या नावाचं कलादालन आपल्याच टिळकवाडीत आहे, वरेरकर नाट्य संघात, असलं काही तिथं कोणाला सांगायला गेलात तर ते विचारतील, "हो? काय काय आहे तिथे?" आणि तुम्ही पडाल तोंडावर, कारण तुम्ही त्या रस्त्यानं रोज जाता पण आत कधी गेलाय?

बाहेर आलात की काळा घोडा बघायचा असतो. खरा काळा घोडा, म्हणजे वर सातवा एडवर्ड बसलेला, १९६५ लाच तिथनं उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेऊन ठेवलाय. आत्ता दिसतोय तो २०१७ चा नवीन, वर कोणीच नाही. बिनमाणसाचा पुतळा ही आयडिया आपल्याकडं कोणाला सुचत नाही बघा. आपल्याकडं २०२३ ला बेळगावजवळच्या राजहंसगडावर शिवाजी महाराजांच्या एकाच पुतळ्याचं एकाच आठवड्यात दोनदा अनावरण झालं, एकदा सरकारतर्फे आणि एकदा विरोधकांतर्फे, इलेक्शन तोंडावर होतं ना. मुंबईवाल्यांना प्रदर्शन भरवायला वर्ष लागतं, आपण चार दिवसात दोन भरवली.

वाघनखांचं पण सांगून ठेवतो. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं तीन वर्षांच्या बोलीवर दिली, २०२४ च्या जुलैत साताऱ्याला आली, आपल्याकडनं पण गाड्या भरून माणसं गेली. अफझलखानाला मारलं तीच ही नखं का, हे खात्रीनं सांगता येत नाही असं त्या लंडनवाल्या म्युझियमनंच म्हटलंय. हे गाडीत बोलू नका. बोललात तर परतीचा प्रवास उभ्यानं करायला लागेल.

आणि एवढं सगळं बघून झाल्यावर जर तुम्हाला वाटलंच, की चला आता एकदा आपल्या बेळगावचा इतिहास बघू या, तर त्यासाठी सरळ पासपोर्ट काढा. चेष्टा नाही. किल्ल्यातल्या त्या बस्तीचे १२०४ सालचे दोन शिलालेख ब्रिटिश म्युझियममध्ये गेलेत. बार्नेट नावाच्या विद्वानानं ते वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त छापले पण, म्हणून आपल्याला कळलं तरी. दगड आपला, बघायचा लंडनात, वाचायचा इंग्रजीत. आपण इकडं रोज संध्याकाळी वॉकला किल्ल्यात जातो, खंदकाच्या बाजूनं दोन चकरा मारतो, स्टेप्स मोजतो, परत येतो.

परत आल्यावर ग्रुपवर फोटो टाकताना हा शिलालेखाचा विषय काढाल तर तयारीनं काढा. राजा रट्ट घराण्यातला कार्तवीर्य चौथा, देणगी जैन बस्तीला, लिपी जुनी कन्नड, मुक्काम लंडन. कोणीतरी लगेच विचारणारच, म्हणजे तो दगड आपल्या बाजूचा की त्यांच्या? तेव्हा सांगायचं, मॅटर कोर्टात आहे, त्यावर बोलता येत नाही.