तंबोऱ्याचा दोरा आणि माझं चौथं प्रकरण

गेल्या महिन्यात पीएचडीच्या वार्षिक आढाव्यात समितीतल्या एका सरांनी विचारलं, "सॉफ्टवेअर झालं ते ठीक आहे, पण यात तुझं विज्ञान कुठंय?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना. माझ्यासारखं काम करणाऱ्या कितीतरी मुलामुलींना तो कधी ना कधी विचारला गेलाय, म्हणून उत्तर इथे सविस्तर लिहितेय.

आधी काम सांगते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, पुण्याहून साधारण ८० किलोमीटरवर. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मध्यभागी दाटीवाटीने, बाकीच्या इंग्रजी 'वाय'च्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्रातली एकेक लहर मोजते. जवळजवळच्या अँटेनांच्या जोड्यांना मोठं, पसरट तेज कळतं, दूरदूरच्या अँटेनांच्या जोड्यांना बारीक तपशील. मी दीर्घिकांच्या समूहांभोवतीची पसरट, फार मंद रेडिओ प्रभा अभ्यासते. त्याच लहरींमध्ये माणसांनी केलेला गोंगाटही येतो: विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, उपग्रह, मोबाइल. तो ओळखून बाजूला काढण्याला आम्ही फ्लॅगिंग म्हणतो, आणि गेली अडीच वर्षं मी त्याचीच पाइपलाइन, म्हणजे डेटा टप्प्याटप्प्याने साफ करत नेणारा प्रोग्रॅम, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहितेय.

दुसऱ्या वर्षी एक चित्र तयार झालं. इतकं स्वच्छ चित्र मी तोवर काढलं नव्हतं. फक्त त्यात प्रभा नव्हती. आधीच्या निरीक्षणांमध्ये स्पष्ट दिसलेली, लोकांनी मोजून ठेवलेली प्रभा माझ्या चित्रातून गेली होती. तीन आठवडे मी कोड ओळीओळीने वाचला. कुठे एरर नाही, प्रत्येक फंक्शन सांगितलेलं काम चोख करत होतं.

याच तीन आठवड्यांतला एक रविवार मला अजून आठवतो. मी मिरजेची. ख्यालगायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांची कबरही तिथेच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात होणाऱ्या मैफलींना बाबा मला लहानपणी खांद्यावर बसवून न्यायचे. त्या रविवारी बाबांसाठी खाँसाहेबांची एक जुनी तबकडी स्वच्छ करायला घेतली होती, तीनेक मिनिटांची. खरखर काढायच्या प्रोग्रॅमला "नुसत्या आवाजाचा" नमुना द्यावा लागतो. मी गाणं सुरू होण्याआधीचा सेकंदभराचा तुकडा दिला. खरखर गेली. गळाही छान उठून आला. बाबांना फोनवर ऐकवलं तर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अगं, तंबोरा कुठाय?"

त्या सेकंदात खरखरीबरोबर तंबोराही वाजत होता. सतत, एकसारखा वाजणारा म्हणून प्रोग्रॅमने त्यालाही खरखरीत धरलं.

सोमवारी जाऊन मी पहिल्यांदा मोजलं की जवळच्या जोड्यांचा किती डेटा शिल्लक आहे. जवळजवळ काहीच नव्हता. जमिनीवरचा गोंगाट जवळच्या जोड्यांत सगळ्यात जोरात येतो, दूरच्या जोड्यांत तो बराचसा विरतो. सगळ्यांना एकच उंबरठा, म्हणजे ज्याच्या वरचं सगळं गोंगाट धरायचं तो आकडा, लावल्यामुळे माझा प्रोग्रॅम जवळच्या जोड्या सपासप कापत होता. आणि पसरट प्रभा दिसते ती फक्त त्याच जोड्यांना. मग मी उंबरठा जोडीच्या अंतरानुसार बदलता ठेवला, डेटात मुद्दाम खोटी प्रभा मिसळून ती शेवटी परत मिळते का हे पाहणाऱ्या टेस्ट लिहिल्या. यात आठ महिने गेले.

सरांच्या प्रश्नाचं माझं उत्तर या आठ महिन्यांत आहे. कशाला गोंगाट म्हणायचं आणि कशाला आकाश, हा टायपिंगचा प्रश्न नाही. त्यासाठी प्रभा किती मोठी असते, अँटेना कसं मोजते, ठिणगी किती वेळ टिकते हे सगळं माहीत असावं लागतं. तो निर्णय कोडच्या एका आकड्यात बसलेला असतो आणि शोधनिबंधात त्याला "नेहमीच्या पद्धतीने फ्लॅगिंग केले" एवढंच वाक्य मिळतं. हे मला मान्य नाही.

२००६ साली प्रोटीनच्या रचनांवरचे पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले होते. कारण प्रयोगशाळेतल्याच एका छोट्या प्रोग्रॅममध्ये डेटाचे दोन रकाने उलटसुलट झाले होते. तेव्हा कोणी म्हणालं नाही की ती सॉफ्टवेअरची गोष्ट आहे, विज्ञानाची नाही. चूक झाली की कोड हे विज्ञान ठरतं. बरोबर चाललेला असतो तेव्हाही ठरायला हवं.

साधन घडवणाऱ्याला कमी लेखलेलं मी आमच्या मिरजेत तरी पाहिलं नाही. मिरजेत तंतुवाद्यं बनू लागली ती एकोणिसाव्या शतकात, फरीदसाहेब शिकलगारांपासून. घराण्याचा धंदा तलवारी-भाल्यांना धार लावण्याचा. आज त्या तंबोऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन आहे, २०२४ पासून. आमच्या शेजारच्या गल्लीतले एक चाचा जवारी लावायचे, म्हणजे तंबोऱ्याचा आवाज खुलवायचे, तेव्हा मी तासन् तास बसायचे. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा कानशीने किंचित घासायचा, तारेखालचा सुती दोरा केसभर पुढेमागे सरकवायचा, आणि एका क्षणी बंद आवाज एकदम उघडायचा. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली याच रुंद घोडीवर लिहिलं. तार एखाद्या उपस्वराच्या निष्पंद बिंदूवर, म्हणजे त्या उपस्वरात ती जिथे हलतच नाही तिथे, छेडली तर तो उपस्वर उमटू नये, असा नियम. तंबोऱ्यात तो तरीही उमटतो, कारण तार घोडीच्या वळणाला टेकत-सुटत राहते. चाचांना हा नियम ठाऊक नसेल, पण तो कुठे मोडतो हे त्यांची बोटं जाणत होती. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करायचे असं मिरजेत आवर्जून सांगतात. त्यामुळे ते गायक कमी ठरले नाहीत.

आणि जीएमआरटी ज्यांनी उभी केली त्या गोविंद स्वरूपांनी बारीक तारांची जाळी दोरखंडासारख्या ताणलेल्या तारांवर बसवून हलक्या, स्वस्त अँटेना बनवल्या. दुर्बीण बांधणं आपण विज्ञान मानतो. मग त्या दुर्बिणीच्या डेटाचं चित्र करणारा कोड का नाही? आज आम्ही सगळे जी साधनं वापरतो त्यातली कितीतरी विद्यार्थ्यांनी आणि तरुण संशोधकांनीच लिहिलीत. पायथनमध्ये काम करता करता लगेच उत्तर दाखवणारं आयपायथन २००१ साली फर्नांडो पेरेझ यांनी भौतिकशास्त्रात पीएचडी करताना सुरू केलं. आलेख काढायचं मॅटप्लॉटलिब लिहिणारे जॉन हंटर मेंदूतले विद्युतसंकेत अभ्यासत होते, ते संकेत नीट पाहता यावेत म्हणून त्यांनी ते लिहिलं. २०१९ मध्ये कृष्णविवराचं जे पहिलं चित्र जगाने पाहिलं, त्यामागेही अशीच मोफत, खुली साधनं होती.

गाण्याबद्दल लोक विचारतात की कोड लिहिताना काय ऐकतेस. काहीच नाही. कोड लिहिताना मला शांतता लागते, आणि ख्यालालाही पूर्ण कान लागतो. पण रन लावला, सर्व्हरला पाच-सहा तास लागणार हे कळलं, की हेडफोन लावून विलंबित ऐकते. कोणी तोडी पाऊण तास मांडतं, घाई करत नाही, तेव्हा मला माझ्या कामाचा वेग बरोबर वाटायला लागतो. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव असतो. भीमसेनजींनी १९५३ साली आपल्या गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केला, आणि ते गुरू, सवाई गंधर्व, अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. दरवर्षी भारतीय बैठकीत सतरंजीवर बसताना मला आपण मिरजेतच बसलोय असं वाटतं. पहिला तंबोरा लागतो तेव्हा मंडपातली कुजबूज थांबते, त्या दोन मिनिटांसाठी मी लवकर जाते.

माझं मागणं साधं आहे. प्रबंधात सॉफ्टवेअरला परिशिष्ट नको, प्रकरण हवं. परीक्षकांनी कोड उघडून पाहावा, टेस्ट चालवाव्यात, उंबरठ्याचा आकडा कुठून आला हे मला तोंडी परीक्षेत कठोरपणे विचारावं. जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर २०१६ पासून हे करतंय, कोडची तपासणी तिथे सगळ्यांसमोर होते. आपल्या विद्यापीठांना हे अवघड नाही.

माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण याच सॉफ्टवेअरचं आहे, त्याचा पहिला खर्डा परवा गाईड मॅडमना दिला. सुरुवातीला दोन चित्रं शेजारी शेजारी आहेत: एक नितळ आणि रिकामं, दुसरं जरा खरबरीत, मधोमध फिकट डाग असलेलं. काल त्यांचा मेसेज आला, "दुसरं चित्र मोठं कर, पानभर घे."