सहा मुलं, एकच नाक : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी रात्री वाचली. उत्तराला उशीर झाला, कारण लिहिण्याआधी दोन गोष्टी करून बघायच्या होत्या. त्या झाल्या, म्हणून आज लिहितोय. उत्तर लांबणार आहे, तेव्हा वेगळी नोंदच करतो.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सावळे आणि काळे चेहरे काढण्याबद्दलच्या मागच्या लेखात मी, मीच चित्रं काढत असलेल्या एका बालपुस्तकातली पात्रं दाखवली होती. नवी मुंबईतल्या एका शाळेचा वर्ग आणि त्यातली सहा मुलं. त्यावर तुम्ही, स्वतः कोळी घरातल्या, लिहिलंत : "सहाही मुलांचं नाक एकच आहे. गोऱ्या मुलीला तपकिरी रंग फासलाय आणि वर आदराच्या गोष्टी सांगताय. कोळ्याची मुलगी म्हटली की तिची आई मासळीची पाटी घेऊनच उभी. नायजेरियाच्या मुलाच्या डोक्यावर तर भांडी घासायची तार ठेवलीय. आणि 'पीपल ऑफ कलर' हे अमेरिकेचं लेबल आम्हाला कशाला? ज्यांचे चेहरे आहेत त्यांनाच ते काढू द्या."

आधी नाकाचं. त्याच रात्री मी फाइल उघडली आणि सहाही चेहऱ्यांवरचे रंगाचे लेयर एकेक करून बंद केले. खाली नुसत्या रेषा उरल्या. केस झाकले, तर त्यातली तीन मुलं मला स्वतःला ओळखता येईनात. सरळ नाक, छोटी जिवणी, टपोरे डोळे, निमुळती हनुवटी, सगळं तेच. एक डोकं काढून त्याचीच सहा केली होती आणि मग प्रत्येकात वेगळा रंग ओतला होता. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

हे घाईत झालं असं म्हणून सुटता आलं असतं, पण ते खरं नाही. आपल्याकडे स्थळ सांगताना म्हणतात ना, "रंग सावळा आहे, पण नाकी-डोळी नीटस." माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघत होते तेव्हा हे वाक्य मी आमच्याच बैठकीच्या खोलीत इतक्या वेळा ऐकलं की ते मला स्तुतीसारखं वाटायला लागलं होतं. त्यातला 'पण' माझ्या हातात उतरलाय. रंग गडद करताना मी नकळत त्याची भरपाई करत होतो. रंग सावळा ना, मग नाक तरी सरळ असू दे, ओठ तरी पातळ असू देत. म्हणजे ती मुलगी आहे तशी चांगली दिसते, यावर चित्र काढणाऱ्याचाच विश्वास नव्हता.

त्या लेखात मी त्वचेच्या रंगांचा सहा चौकोनांचा तक्ता दिला होता. तोही काढून टाकलाय. तो फिट्झपॅट्रिक नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाच्या वर्गीकरणावरून घेतला होता. ते १९७५ मध्ये झालं ते उन्हानं कातडी भाजते की रापते हे ठरवण्यासाठी. सुरुवातीला त्यात गोऱ्या त्वचेचेच ४ प्रकार होते, तपकिरी आणि काळी त्वचा नंतर जोडली गेली. मोबाइलवरच्या इमोजींना २०१५ मध्ये ५ वर्ण मिळाले तेही याच तक्त्यावरून. चेहरा तोच ठेवायचा आणि रंग तेवढा बदलायचा. बोटाच्या पेराएवढ्या चित्रात ते खपून जातं. मी मात्र तीच रीत अख्ख्या पानभर वापरली, आणि शिकवलीसुद्धा.

आणखी एक चूक तुमच्या लक्षात आली नसेल, पण मीच सांगतो, कारण ती माझे विद्यार्थीही करतात. सगळ्या चेहऱ्यांवर मी सावलीचा एकच लेयर टाकला होता, जांभळट करडा, 'मल्टिप्लाय'वर, म्हणजे खालचा रंग आणखी गडद करणाऱ्या सेटिंगवर. गोऱ्या गालावर तो मऊ दिसतो. गडद गालावर तोच काजळी फासल्यासारखा बसतो. मधल्या छटा मरतात, गालाचं हाड नाहीसं होतं आणि अंधारातून डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात तेवढे बाहेर येतात. जुन्या व्यंगचित्रांतून काळ्या माणसाची जी टिंगल झाली तिचा सांगाडा हाच आहे. माझ्या मनात टिंगल नव्हती, तरी पानावर ती उमटत होती. गडद त्वचेवर आकार कळतो तो सावलीपेक्षा चमकेवरून, आणि ती चमक भोवतालचा उजेड ज्या रंगाचा असेल त्याच रंगाची असते.

हे मला माहीत होतं, पण पुस्तकातून. म्हणून शनिवारी दुपारी ठाणे पूर्वेला कोपरीत गेलो. तिथे मासळी घेऊन बसणाऱ्या एका मावशींकडून अर्धा किलो मांदेली घेतली आणि तुमचा चेहरा काढू का, असं विचारलं. गिऱ्हाईक ओसरल्यावर बसा म्हणाल्या. साडेबाराला पाण्याच्या रंगांची डबी घेऊन त्यांच्यासमोर उलट्या क्रेटवर बसलो.

डोक्यावर निळी ताडपत्री होती. त्यांच्या डाव्या गालाच्या हाडावर तिचा निळसर पांढरा तुकडा पडला होता, नाण्याएवढा, आणि त्या मान वळवतील तसा तो सरकत होता. कपाळावर बल्बचा पिवळा. हनुवटीखाली मी सवयीने अंधार धरून चाललो होतो, तर तिथे समोरच्या बर्फावरून उसळलेला थंड उजेड होता. त्याच्या मागे मानेची सावली तांबूस जांभळी. काळं म्हणावं असं त्या चेहऱ्यावर कुठेच काही नव्हतं. तांबूस तपकिरी बर्न्ट सिएनात निळा अल्ट्रामरीन मिसळत गेलो. ऊब हवी तिथे सिएना जास्त, गारवा हवा तिथे निळा जास्त. काळ्या रंगाची वडी कोरडीच राहिली. खालचा ओठ दोन रंगांचा होता, बाहेरून गडद आणि आत गुलाबीकडे झुकणारा. आजवर मी तो एकाच फटकाऱ्यात रंगवत आलोय.

आणि नाक. रुंद, गोल शेंड्याचं. दोन्ही बाजूंनी रेष मारली की त्याचं लगेच व्यंगचित्र होत होतं. दोन कागद वाया गेल्यावर रेष सोडली. शेंड्यावरची चमक आणि नाकपुड्यांखालची सावली एवढंच ठेवलं. तेव्हा ते उभं राहिलं, आणि देखणं होतं.

पाटीबद्दल. मावशींच्या अंगात फुलाफुलांचा गाउन होता, खांद्यावर ओढणी, बाजूला कोयता आणि क्यूआर कोडचा लॅमिनेट केलेला पुठ्ठा. माझ्या चित्रातली आई जरीच्या काठाचं लुगडं नेसून, दागिने घालून, पाटी घेऊन उभी होती. लग्नात आणि नारळी पौर्णिमेला हा वेष असतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. मासे विकण्यात तर कमीपणा काहीच नाही. पण तुमची ओळ वाचून मी ते पान परत बघितलं. प्रसंग पालकसभेचा आहे! बाकीच्या पाच आया पर्स घेऊन बाकावर बसल्यात आणि ही एकटी पाटी घेऊन दारात. शाळेच्या पालकसभेला पाटी घेऊन कोण येतं? पाच जणींना मी माणसासारखं काढलं आणि एकीला पोस्टकार्डावरच्या कोळिणीसारखं. या पानाचं मला सगळ्यात वाईट वाटलं.

नायजेरियाच्या मुलाचे केस मी गिरगट्याच्या ब्रशने काढले होते. त्यावर सवयीने चमकेचा पट्टाही ओढला होता, जो सरळ केसांवर पडतो. बारीक वळ्यांचे केस उजेड विखरून टाकतात, त्यांच्यावर पट्टा येत नाही. आधी डोक्याच्या आकाराला धरून एक मऊ गोळा बघावा लागतो, मग कपाळावरची केसांची कड, मग कानाजवळ बारीक कापलेला भाग. वेण्या असतील तर मधल्या भांगांच्या रेषा कवटीच्या गोलाईवरून वळत जातात. त्याच भागात खरं कसब लागतं. गिरगटा म्हणजे 'मी बघितलं नाही' याची कबुली. त्या मुलाचं डोकं पुन्हा काढलंय, नोंदीसोबत आहे.

हा चेहरा आपल्याला तितका परकाही नाही. जंजिऱ्याचे सिद्दी, मूळचे आफ्रिकेतले, आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यातले. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, त्यानं वसवलं. जहांगीर बादशहाला तो शेवटपर्यंत हाती लागला नाही. पण जहांगीरच्या दरबारातल्या अबुल हसन या चित्रकारानं १६१६ च्या सुमारास एक चित्र केलं. त्यात पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा बाण मारतोय आणि समोर भाल्यावर अंबरचं कापलेलं मुंडकं आहे. असं काही घडलंच नव्हतं. अंबर १६२६ मध्ये म्हातारपणाने गेला. आणि १६२० च्या आसपास हाशिम या मुघल चित्रकारानंच काढलेलं अंबरचं दुसरं चित्र आहे, एका बाजूने, पूर्ण उभ्या माणसाचं, ज्याच्याकडे बघून कोणालाही हा मातब्बर माणूस आहे हे कळावं. दोन्हीकडे माणूस तोच, काळाच. एका चित्रात त्याचा चेहरा बादशहाची इच्छा पुरी करायला वापरलाय, दुसऱ्यात तो त्याचा स्वतःचा आहे. वर्गात मी ही दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवणार आहे.

आता लेबल. 'पीपल ऑफ कलर' हा शब्द मी लेखातून काढला. अमेरिकेत तो गोऱ्यांखेरीज बाकी सगळ्यांना धरतो, तिथे त्याला अर्थ आहे. ठाण्याच्या लोकलमध्ये त्या शब्दाबाहेर कोण उरेल? त्या शब्दानं नौपाड्यातला माझ्यासारखा निमगोरा माणूस आणि तुमची आई एकाच बाकावर बसतात, आणि आमच्या दोघांत जे अंतर आपल्याच समाजानं ठेवलंय ते दिसेनासं होतं. यापुढे सरळ 'काळा', 'सावळा' असंच लिहीन. 'उजळ' हा शब्द मात्र वापरणार नाही.

पण अमेरिकेकडून शिकण्यासारखं काहीच नाही, हे मला पटत नाही. तिथल्या क्रेयोला कंपनीनं 'फ्लेश' नावाच्या खडूचं नाव १९६२ मध्ये बदलून 'पीच' केलं. माझ्या रविवारच्या वर्गात आजही मुलं एकमेकांना म्हणतात, "ए, स्किन कलर दे ना." गेल्या रविवारी मी तो फिकट गुलाबी खडू एकेकाला हातावर ठेवून बघायला सांगितलं. वर्गात ११ मुलं होती, एकाचाही हात त्याच्याशी जुळला नाही. एक मुलगी खडू मनगटावर धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सर, मग हा कोणाचा स्किन आहे?"

तुमचं शेवटचं वाक्य, ज्यांचे चेहरे त्यांनीच काढावेत. इथे मी तुमच्याशी सहमत नाही, आणि का ते नीट सांगायला हवं. मला मिळतात तशी पुस्तकं माझ्यासारख्या घरातल्या चित्रकारांकडेच जास्त जातात. आम्ही फक्त आमच्यासारखीच मुलं काढायची ठरवली, तर पानं पुन्हा आमच्याच मुलांनी भरतील. आजवर तेच होत आलंय. कोळीवाड्यातल्या, पाड्यावरच्या चित्रकारांना कामं मिळायला हवीत, हे तुमचं म्हणणं वेगळं आहे आणि बरोबर आहे. माझ्या वर्गातून गेलेल्या अशा दोघांची कामं मी या आठवड्यात प्रकाशकांना पाठवली. पण तोवर मी काढणार, आणि काढायचं तर समोर बसून, विचारून. चित्रं छापण्याआधी त्या त्या घरातल्या कोणीतरी ती बघावीत आणि त्या बघण्याचं मानधन पुस्तकाच्या खर्चात धरावं, असंही प्रकाशकांना सांगितलं. ते तयार आहेत. कोळी आईचं पान तुम्ही बघाल का? फुकट नाही, ठरलेल्या मानधनावर. नाही म्हणालात तरी मला समजेल.

लेख काढून टाका असं दुसऱ्या एका वाचकाने सुचवलंय. तो काढणार नाही. जुनी सहा डोकी, रंग उतरवलेल्या त्यांच्या रेषा आणि नवी चित्रं, तिन्ही एकाखाली एक ठेवलीत, वर तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी.

कोपरीच्या मावशींना चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी ओले हात ओढणीला पुसले, कागद घेतला आणि लांब धरून बघितला. मग म्हणाल्या, "नाक माजा हाय, पन डोले कुनाचे?" बघतो तर खरंच, तेच जुने टपोरे डोळे मी पुन्हा काढले होते.

येत्या शनिवारी डोळ्यांसाठी परत जातोय. पालकसभेचं पान तोवर कोरं आहे. तुमची आई शाळेत यायची तेव्हा काय नेसून यायची आणि कितव्या बाकावर बसायची, तेवढं सांगाल?