"बाळाची नळी लगेच काढायला लावा" हा फॉरवर्ड परत आला

परवा माहेरच्या ग्रुपवर परत तोच मेसेज. तान्ह्या बाळाचं ऑपरेशन झालं की व्हेंटिलेटरची नळी लगेच काढायला लावा, मोठ्या माणसाची काढतात मग लेकराची का नाही, दोन-तीन दिवस मशीनवर ठेवतात ते बिलासाठी, ऑक्सिजन मात्र भरपूर द्यायला सांगा, आणि मशीनवर गेलेल्या बाळाची फुफ्फुसं आळशी होतात, ते परत येत नाही. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मी भूलतज्ज्ञ आहे, रोजचं काम हेच, त्यामुळे गप्प बसवेना.

मोठ्यांची काढतात मग लेकराची का नाही? अहो, बाळ म्हणजे आखूड केलेला मोठा माणूस नव्हे. ते मिनिटाला ४० ते ६० श्वास घेतं, किलोमागे त्याला आपल्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि फुफ्फुसातली शिल्लक अगदी थोडी, भूल दिल्यावर ती अजून घटते. त्यामुळे श्वास थांबला तर बघता बघता निळं पडतं. बरगड्या मऊ आणि आडव्या, सगळा भार छाती-पोटामधल्या पडद्यावर, आणि तो लवकर थकतो. आता आतडी पोटाबाहेर घेऊन जन्मलेलं बाळ घ्या. ती आत बसवून पोट शिवलं की पोट टम्म, पडद्याला खाली सरकायला जागाच नाही, वर दुखू नये म्हणून दिलेलं फेंटानिल, जे श्वास मंदावतं आणि कच्च्या लिव्हरमुळे जास्त वेळ अंगात राहतं. (मग ते कमी द्या म्हणाल, तर एके काळी तान्ह्यांना नाममात्र भूल देऊन ऑपरेशन करायचे. १९८७ मध्ये डॉ. आनंद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फेंटानिल मिळालेली कमी दिवसांची बाळं ऑपरेशन जास्त चांगलं सोसतात. परत मागे जायचं नाहीये.) अशा बाळाची नळी टेबलावरच काढा म्हणणारा ती परत घालायला येणार आहे का?

बिलाचं. एनआयसीयूचा (तान्ह्यांच्या अतिदक्षता विभागाचा) खर्च घर बुडवतो, संशय येणारच, त्यात वाद नाही. पण पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाचा साधा हर्निया असेल तर नळी बहुतेक वेळा थिएटरमध्येच निघते. उलट कमी दिवसांच्या बाळाचा हर्निया केला, नळी काढली, छान रडलं, नातेवाईक म्हणतात घरी सोडा, आणि आम्ही रात्रभर मॉनिटर लावून ठेवतो, कारण भुलीनंतर काही तासांनीसुद्धा ही बाळं श्वास घ्यायचं विसरतात. आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजून साधारण ६० आठवडे होईपर्यंत ही धास्ती असते.

भरपूर ऑक्सिजन? हा मुद्दा सगळ्यात घातक. १९४०-५० च्या दशकांत कमी दिवसांच्या बाळांना असाच सढळ हाताने ऑक्सिजन दिला आणि हजारो मुलांचे डोळे गेले. म्हणून अशा बाळांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, आम्ही मुद्दाम ९० ते ९५ टक्क्यांच्या मध्ये ठेवतो, ९३ बघून घाबरू नका. हवेचंही तेच, तीन किलोच्या बाळाला एका श्वासाला १५ ते १८ मिली, म्हणजे औषधाचे तीन छोटे चमचे. जोरात दिली तर फुफ्फुस फाटू शकतं.

आळशी फुफ्फुसांमध्ये कणभर खरं आहे. फार दिवस मशीनवर राहिलं तर पडदा अशक्त होतो, इन्फेक्शन होतं, कमी दिवसांच्या बाळाची फुफ्फुसं खराब होतात, म्हणूनच तर नळी काढायची घाई आम्हालाच जास्त. परत येत नाही हे मात्र साफ खोटं. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींचं बाळ साडेपाच आठवडे आधी जन्मलं, दोन किलोच्या थोडं वर, श्वासाच्या त्रासाने दोन दिवसांत गेलं. आज तेवढं बाळ श्वासाला आधार मिळून बहुतेक वेळा घरी जातं. छाती-पोटामधल्या पडद्याला भोक असलेल्या बाळाला पूर्वी तडक ऑपरेशनला घ्यायचे, आता आधी हलक्या हाताने व्हेंटिलेटरवर स्थिर करतात आणि मग घेतात.

डॉक्टरांना विचारायचंच असेल तर मशीनमधून देताय तो ऑक्सिजन किती टक्क्यांवर आहे ते रोज विचारा (हा आकडा सॅच्युरेशनचा नव्हे). साध्या हवेत २१ असतो. काल ४० होता आणि आज २५ वर आलाय म्हणाले, तर बहुतेक नळी निघायची वेळ जवळ आलीय.