वस्ताद कुठे आहे?

परवा सांगलीहून दादाचा फोन आला. माझ्या पंधरा वर्षांच्या भाच्याला जिम लावायची आहे आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. वहिनीचं म्हणणं, आत्ताच वजनं उचलली तर उंची खुंटेल. दादाला वाटतं, दिवसभर मोबाइलमध्ये मान घालून बसण्यापेक्षा जाऊ दे. "तुमच्याकडे काय करतात गं?" असं त्यानं विचारलं.

इथे ओहायोत माझी मुलगी नववीत गेली तेव्हा वेट ट्रेनिंग हा तिचा शाळेतला विषय होता, मार्कांचा. पहिले तीन आठवडे तिच्या खांद्यावर होता तो नुसता प्लास्टिकचा पाइप. तो घेऊन बसायचं, उठायचं. गुडघे आत वळतात का, टाचा उचलल्या जातात का, पाठीला बाक येतो का, हेच शिक्षक बघत. मग हलके डंबेल, मग रिकामा बार, म्हणजे वजनं न लावलेला लोखंडी दांडा, कारण तोच मुळी वीस किलोचा. पंधरा वेळा नीट जमलं की थोडं वाढवायचं, फार तर दहा टक्के. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलताना, डोक्याशी जोडीदार उभा असल्याशिवाय बारला हात लावायचा नाही.

वहिनीची भीती अगदीच निराधार नाही. वाढत्या हाडांच्या टोकांशी कूर्चा, म्हणजे मऊ हाड असतं, त्याला इजा होऊ शकते. पण ती इजा होते न झेपणारं वजन, चुकीची पद्धत आणि बघायला कुणी नाही, अशा वेळी. नीट शिकवलेल्या व्यायामानं उंची खुंटत नाही, हे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०२० मध्ये पुन्हा सांगितलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम सुचवला. मुलगे आणि मुली, दोघांनाही. दादाच्या घरात भाचीचं नावही निघालं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

इथलं सगळं चांगलं आहे असं मात्र नाही. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांत एका दमात कोण किती उचलतो याची चढाओढ चालते, आणि ती धोक्याची आहे. प्रोटीन पावडरींचे डबे तर किराणा दुकानातही मिळतात.

आणि खरं सांगू? तो पाइप बघून मला आपली तालीमच आठवली. नव्या पोराला वस्ताद आधी जोर-बैठका घालायला लावतो. जोर चुकला की पाठीवर थाप बसते. सांगलीच्याच संकेत सरगरनं २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक आणलं. पानटपरीवाल्याचा हा मुलगा शाळकरी वयातच शिकायला लागला होता. म्हणजे शिकवण्याची परंपरा आपल्याच गावात आहे. गल्लोगल्ली निघालेल्या एसी जिममध्ये मात्र आरसे आहेत, मशिनं आहेत, वस्ताद नाही.

म्हणून मी दादाला एवढंच सांगितलं, पैसे भरण्याआधी संध्याकाळी तासभर तिथे नुसता बसून बघ. नव्या पोराजवळ कोण उभं राहतं? चुकलं तर वजन कमी करायला कुणी सांगतं का?

काल त्याचा मेसेज आला. दोन जिम पाहिल्या, दोन्हीकडे आधी प्रोटीनचा डबाच पुढे केला. शनिवारी तो जुन्या तालमीत जाऊन येणार आहे, दोन्ही पोरांना घेऊन.