‘ड्रॅगन चालतो, मग धान्याचा हिशोब कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका ज्यांवरून निघाली त्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ पुस्तकांतल्या विंटरफेल या उत्तरेकडच्या गडाच्या कोठारांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी शांतपणे वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचे आक्षेप दोन. पहिला असा की, ज्या कथेत ड्रॅगन आग ओकतात आणि मेलेली माणसं चालतात, तिथे वर्षानुवर्षांच्या हिवाळ्यात लोक खातात काय हे विचारणं म्हणजे निव्वळ कीस काढणं. लेखकानं एवढा विचार केलेला नसतो, वाचकानंही करू नये. दुसरा आक्षेप जास्त झोंबणारा आहे. तुमची वर्धा जिल्ह्यात शेती आहे, आणि इथला शेतकरी इतका गांजलेला असताना नागपुरात बसून काल्पनिक राज्याच्या धान्याची काळजी वाहणं तुम्हाला बरं वाटलं नाही. हे उत्तर खरं तर दुसऱ्या आक्षेपासाठी लिहायला घेतलंय. पण पहिला आधी.

लेखक एवढा विचार करत नाहीत, हे मला पटत नाही. या पुस्तकांचे लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन 1981 साली इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीवर उभे राहिले होते आणि त्यातून त्यांना कथेतल्या राज्याच्या उत्तर सीमेवरची बर्फाची भिंत सुचली. ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पहिला खंड आला 1996 मध्ये. पुस्तकातली भिंत 300 मैल लांब आहे, म्हणजे जवळपास 480 किलोमीटर, आणि उंची 700 फूट. पुढे टीव्ही मालिकेचं चित्रीकरण उत्तर आयर्लंडमधल्या एका जुन्या खाणीत झालं. तिथला सुमारे 400 फुटांचा कडा प्रत्यक्ष पाहिल्यावर मार्टिननीच सांगितलं की आपण भिंत फार उंच करून ठेवली. म्हणजे ज्या आकड्यावर वाचक अडखळत होते, त्यावर लेखकही अडखळला. टॉल्किनचंही तसंच. ‘द हॉबिट’ आलं 1937 मध्ये. त्यात थंड कोंबडीबरोबर टोमॅटो मागवले होते. 1966 च्या आवृत्तीत टोमॅटो गेले, लोणचं आलं; त्या जुन्या जगात टोमॅटो बसत नव्हते. एका शब्दाचा बदल, तोही जगभर नाव झाल्यावर केलेला. अशा लेखकांच्या पुस्तकात वाचकानं ताटात काय वाढलंय ते पाहिलं, तर त्यात त्यांचा मानच आहे.

आणि ड्रॅगनचं म्हणाल, तर ड्रॅगन आहे हे लेखक आपल्याला उघड सांगतो. जे सांगितलेलं नाही ते आपल्यासारखंच असणार, हे आपण गृहीत धरतो: भूक लागते, लाकूड जळून संपतं, घोडा दमतो. त्या जगात ऋतू असे वर्षानुवर्षं का लांबतात याचं उत्तर जादूत आहे, विज्ञानात नाही, असं मार्टिननी सांगितलेलं आहे. मला ते पूर्ण मान्य आहे, म्हणूनच ऋतू का लांबतात हे मी कधी विचारलं नाही. ते लांबले की घरात काय होतं, एवढंच विचारते.

आता जरा सविस्तर. (पाचवा खंड वाचायचा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावं.) भिंतीवर नाइट्स वॉचचे, म्हणजे ती भिंत राखणाऱ्या दलाचे, एकोणीस किल्ले, त्यातल्या तिघांतच माणसं उरलेली, सगळी मिळून हजाराच्या आत. त्यांच्यातलाच एक तरुण, जॉन स्नो, त्यांचा सेनापती होतो आणि कोठीचा कारभार पाहणारा बोवेन मार्श त्याला घेऊन कोठारांतून फिरतो. धान्याची पोती, बर्फात गोठवून ठेवलेलं मांस, सगळं मोजलं जातं. मोजताना कळतं की आहेत त्या माणसांना हे पुरेल, पण भिंतीपलीकडची हजारो माणसं आत घेतली तर पुरणार नाही. जॉन ती माणसं आत घेतो. धान्य विकत आणायला समुद्रापलीकडच्या ब्राव्होस शहरातल्या आयर्न बँकेकडून कर्ज काढतो. विंटरफेलला गरम झऱ्यांच्या उबेवर काचेच्या बागा आहेत, तशी एखादी भिंतीपाशी उभारता आली तर, असं त्याच्या मनात येतं. पण त्याला लागणारी काच मीर या दूरच्या शहरातून आणावी लागेल, आणि पैसा नाही. खंडाच्या शेवटी जॉनवर सुरे चालतात. एक सुरा बोवेन मार्शचा असतो आणि तो रडत असतो. त्यामागं आणखीही कारणं आहेत, हे खरं. पण ज्या माणसानं पोती मोजली, त्याच्याच हातात सुरा आहे. भाऊ, हा हिशोब गाळून ती कथा वाचायची कशी? मालिकेत त्या मोजणीला फारशी जागा मिळाली नाही, त्यामुळे फक्त मालिका पाहिलेल्यांना धान्य ही किरकोळ बाब वाटते. पुस्तकात ती किरकोळ नाही.

माझं डोकं खरं अडकलंय ते बियाण्यापाशी. त्या लेखात यावर ओझरतंच लिहिलं होतं, इथे नीट मांडते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एक दाणा पेरला की साधारण चार पदरात पडत. चारातला एक पुढच्या पेरणीला ठेवायचा, उरले तीन. उन्हाळा आणि हिवाळा समजा सारखेच लांब असतील, तर त्या तिनातले दीड आज खायचे आणि दीड कोठारात टाकायचे. त्यातून सरदाराचा वाटा, उंदीर, सोंडे, ओल. माणशी वर्षाला दोन क्विंटल धरलं तर तीनशे वस्तीच्या गावाला पाच वर्षांच्या हिवाळ्यासाठी तीन हजार क्विंटल हवं. एवढं साठवता येईल का हा एक प्रश्न. पण बर्फ वितळल्यावर पेरायचं काय, हा त्याहून कठीण. खायचं धान्य जुनं झालं तरी भाकरी होते. बियाणं जुनं झालं की उगवतच नाही.

हे तुम्हाला मी काय सांगावं! सोयाबीनच्या पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात रांगेनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर पेरायचं, कमी निघाले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं नाहीतर दुसरं बघायचं. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, पोती आपटली तरी उगवण घटते. गहू, ज्वारी जास्त तग धरतात, कोरड्या थंडीत तर आणखी. म्हणजे उत्तरेतली थंडी जी माणसाला मारते, तीच बियाण्याला राखत असेल. हा विचार सुचला तेव्हा मला फार आनंद झाला, कारण पुस्तकात कुठंही न लिहिलेली गोष्ट पुस्तकाच्याच नियमांतून निघाली. तरी प्रश्न उरतोच. चौथ्या वर्षी घरातली पोरं उपाशी असताना बियाण्याची कोठी कोण राखतं? किल्ली कुणाच्या कमरेला असते? गडावरच्या सरदाराकडे असेल, तर बर्फ वितळल्यावर अख्खं गाव त्याच्या दारात उभं राहणार आणि तो म्हणेल त्या अटीवर बी घेणार. त्या राज्यातल्या सरदारांची पकड शतकानुशतकं का सुटत नाही, याचं एक कारण मला इथं दिसतं. तलवारीपेक्षा हे कारण मला जास्त खरं वाटतं.

इथून मी तुमच्या दुसऱ्या आक्षेपाकडे येते. विदर्भ सोडून मी दुसरीकडे कुठे गेलेच नाही, भाऊ. वऱ्हाडात पूर्वी ज्वारी पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, तोंडावर दगड आणि वर माती. भिंतीलगतची ज्वारी काळी पडायची, कुबट वास यायचा, पण मधली वर्षानुवर्षं राहायची. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. धान्य आत श्वास घेत असतं, हवा कोंदलेली असते. माणसं गुदमरून मेलेली आहेत. म्हणून आधी बराच वेळ तोंड उघडं ठेवायचं, कंदील सोडून पाहायचा, तो विझला तर थांबायचं. मग अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 65 मध्ये आपल्या कापसाला भाव आला. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1877 मध्ये इथे एम्प्रेस मिल सुरू झाली. पांढरं सोनं वाढत गेलं, धान्य गावात मुरण्याऐवजी बाजारात जाऊ लागलं. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मध्य प्रांत-वऱ्हाडात माणसं मेली तेव्हा रेल्वे होती, बाजार होता; ज्याच्याकडे पैसा नव्हता त्याला त्याचा उपयोग नव्हता.

त्या पुस्तकांतही राजधानी किंग्ज लँडिंग उपाशी पडते ती पीक बुडालं म्हणून नाही. दुसऱ्या खंडात दक्षिणेकडच्या सुपीक मुलखात धान्य भरपूर असतं, पण तिथले सरदार, हायगार्डनवाले, दुसऱ्या राजाच्या बाजूला असल्यामुळे रस्ता बंद करतात आणि किंग्ज लँडिंगमध्ये भाकरीसाठी दंगल उसळते. पुढे लग्न ठरतं, सोयरीक जुळते आणि गाड्या पुन्हा येऊ लागतात. ते वाचताना मला माझ्याच मुलखातली माणसं दिसतात. धान्य आहे आणि तरी मिळत नाही, ही स्थिती समजून घ्यायला मला या पुस्तकांनी मदत केली आहे. ती वाचल्यावरच मी वऱ्हाडच्या दुष्काळांबद्दल शोधून वाचायला लागले. तुमच्या शेतावरच्या अडचणीला माझ्या लेखानं काही दिलासा मिळत नाही, हे मला माहीत आहे. पण काल्पनिक धान्याचा विचार करणारं माणूस खऱ्या धान्याकडे पाठ फिरवतं, हे मी मानणार नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर मला पूर्वीपासून लिहायचं होतं. पहिल्या खंडात विंटरफेलच्या सरदाराचा मुलगा ब्रान सात वर्षांचा आहे आणि उन्हाळ्याचं नववं वर्ष चालू आहे. म्हणजे पोरानं हिवाळा पाहिलेलाच नाही. ऋतू बदलला की पांढरे कावळे सोडून सगळ्या गडांना कळवतात. ते लोक वर्षं मोजतात, जन्मदिवस करतात, सुगीची मेजवानीही असते. पण दरवर्षी येणारा, ऋतूला बांधलेला सण त्यांच्याकडे कसा राहील? आपल्याकडे चंद्राचे महिने आणि सूर्याचं वर्ष यांचा मेळ रहावा म्हणून अधिक महिना घालतात, तेव्हा कुठे पोळा पावसाळ्याच्या उतरणीलाच येतो. दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा, पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार. आणि तिकडे काळी-पिवळी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. काळी तर 1881 पासून. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी साथीच्या दिवसांतच उठते, कारण तेव्हाच तिची गरज असते. विंटरफेलच्या पायथ्याच्या गावात अशी आरोळी कधी उठेल? नऊ वर्षं उन्हाळा चालला तर नऊ वर्षं पोळाच नाही? की बैलांना वर्षातून एकदा विसावा द्यायचाच, म्हणून चंद्र मोजून एखादा दिवस ते ठरवून टाकत असतील? मला हा दुसरा अंदाज बरोबर वाटतो. राबणारी माणसं ऋतूची वाट बघत विसावा लांबवत नाहीत.

बैलांवरून तुम्हाला एक विचारायचं आहे, आणि ते तुमच्यासारख्यालाच विचारता येईल. माणसांचं धान्य मी जमेल तसं जुळवलं, जनावरांचा चारा जुळत नाही. पाच वर्षं गवत नाही. सगळी जनावरं कापून मांस बर्फात घातलं, तर नंतर नांगराला जुंपायचं काय? थोड्या जोड्या राखायच्या, तर त्यांना पाच वर्षांचा चारा हवा. ज्वारीचा कडबा गंजी नीट रचून, वरून शाकारून ठेवला, तर तो जनावरानं तोंड लावण्याजोगा किती वर्षं राहतो? आणि एका जोडीला वर्षाकाठी किती पेंढ्या लागतात, नुसत्या कडब्यावर, कुटार आणि ढेप न धरता? तुम्ही आकडा दिलात तर पुढचा लेख त्यावरच लिहीन.